सेवेचे तास

आमच्या गावच्या महिला मंडळाची बालवाडी विठ्ठल मंदिरामागच्या पडवीत भरायची. आई आणि तिच्या भजनातल्या सात-आठ जणींनी ती सुरू केली होती. त्याला कारण घडलं ते एका दुपारचं. आईबाप खुरपणीला गेलेले, आणि पाच वर्षांचं पोर धाकट्या बहिणीला कडेवर घेऊन विहिरीच्या कठड्याशी खेळत होतं. पाण्याला आलेल्या एका बाईने वेळेवर हात धरला म्हणून दोघं वाचली. त्या संध्याकाळी भजन झालं नाही, नुसतं बोलणं झालं. आठवड्याभरात पडवी सारवून झाली आणि वार वाटून झाले. मंगळवार आणि शुक्रवार आईचे. कुणी मुरमुरे आणायचं, कुणी गूळ-शेंगदाणे, कुणी घरातलं जुनं जाजम. मी पाटीवर पहिली रेघ ओढली ती त्याच पडवीत.

ती बालवाडी नऊ वर्षं चालली आणि मग बंद पडली. ती का बंद पडली, हे मला बऱ्याच उशिरा कळलं आणि कळल्यापासून ते डोक्यातून गेलेलं नाही.

पहिली दोन-तीन वर्षं वार नीट पाळले गेले. मग एकीची सासू अंथरुणाला खिळली, एकीच्या घरी सुगीची गडबड, एकीला तिसऱ्या मुलाचे दिवस गेले. ज्यांचा वार चुकायचा त्यांच्या जागी एक काकू यायच्या. त्या विधवा होत्या, दिराच्या घरात एका खोलीत राहायच्या, लोकांच्या शेवया आणि पापड करून देऊन दिवस काढायच्या. "काकूंना काय, त्यांना घरी अडकवणारं कोण आहे?" असं सगळ्या म्हणायच्या, आणि ते म्हणताना कुणाच्या मनात वाईट हेतू नसायचा. हळूहळू सातही वार काकूंचे झाले. मंडळाच्या वहीत नावं आठ होती आणि पडवीत हजर बाई एकच होती. शेवटी एका बैठकीत काकू म्हणाल्या की मंडळाच्या वर्गणीतून मला महिन्याला पन्नास रुपये द्या. सकाळ इथे जाते तेव्हा पापडाचं काम हातचं जातं. बैठकीत शांतता पसरली आणि मग कुणीतरी म्हणालं, "सेवेचे पैसे घेतात का कधी?" काकू दुसऱ्या दिवसापासून आल्या नाहीत. चार महिन्यांत पडवीला कुलूप लागलं.

आई आज पंचाहत्तरीत आहे. हा प्रसंग सांगताना तिचा आवाज अजून खाली जातो. ती त्या बैठकीत गप्प बसली होती.

स्त्रियांच्या स्वयंसेवी कामाबद्दल आपल्याकडे जे काही लिहिलं-बोललं जातं, त्यात त्या बैठकीतला प्रश्न कुणी विचारत नाही. गावातल्या मुलांसाठी, घरांसाठी बायका एकत्र येतात, काम उभं करतात, त्याचं कौतुक होतं, शाल-श्रीफळ होतं. पण ते काम रोजचं झालं की ते कुणाच्या अंगावर पडतं? माझं म्हणणं असं आहे: आठवड्यातले दोन तास आपण राजीखुशीने देतो तोवर ती सेवा असते. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, कुणाला तरी जाब देत जे करावं लागतं ती नोकरी असते, आणि तिचा मोबदला न देणं याला आपल्या भाषेत जुना शब्द आहे, वेठ. आमच्या मंडळाने अजाणता एका काकूंशी जे केलं, तेच आज सरकार आणि समाज मिळून लाखो बायकांशी जाणूनबुजून करत आहेत.

अंगणवाडीचंच बघा. हा शब्द कुठल्या खात्याने काढलेला नाही. १९४५ साली बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डी गावी गेल्या. अनुताई वाघ त्यांना तिथेच येऊन मिळाल्या. गावातली बालवाडी चालू झाली, पण आदिवासी पाड्यांवरची मुलं तिथे येईनात. आईबाप मजुरीला, मोठी भावंडं लहानांना सांभाळायला. तेव्हा या दोघींनी बालवाडीच उचलून पाड्यावरच्या अंगणात नेली. अंगणात भरते म्हणून अंगणवाडी. गुरं चारणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. पुढे कोसबाडच्या टेकडीवर हे काम वाढलं. साहित्य म्हणून शंख-शिंपले, बिया, पानं, खडे. शहरातल्या माँटेसरी वर्गातली महागडी खेळणी नव्हेत. मुलाच्या पायाखालची माती ओळखणारं शिक्षण होतं ते.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू केली, तेव्हा या कामाचं नाव देशभर गेलं. आज महाराष्ट्रात एक लाखाहून जास्त अंगणवाड्या आहेत. पण नावाबरोबर आणखी एक गोष्ट योजनेत शिरली आणि ती आजतागायत निघालेली नाही. अंगणवाडी चालवणारी बाई ही गावातली सेवाभावी बाई आहे, तिला पगार नाही, 'मानधन' मिळेल, असं ठरलं. पदाचं नावच 'सेविका'. तिच्या हाताखालची 'मदतनीस'. पाड्यावर जाऊन बसणाऱ्या ताराबाई आणि अनुताईंनी स्वतःसाठी निवडलेला त्याग सरकारने पुढच्या सगळ्या बायकांवर अट म्हणून लादला.

तिचं काम किती, ते एकदा नीट मोजू. तीन ते सहा वर्षांच्या मुलांचं पूर्वप्राथमिक शिक्षण, गरम ताजा आहार, सहा महिने ते तीन वर्षांच्या बाळांसाठी आणि गरोदर-स्तनदा मातांसाठी घरी न्यायचा शिधा, दर महिन्याला वजन-उंची, दंडघेर मोजून कुपोषित मूल शोधणं, ते सापडलं की आरोग्य केंद्रापर्यंत नेणं, लसीकरणाच्या दिवशी घरोघर जाऊन आयांना गोळा करणं, गृहभेटी, किशोरींच्या बैठका. शिवाय खात्याबाहेरची कामं: सर्वेक्षण, निवडणुकीची मतदारयादी, कुठल्याशा योजनेचे अर्ज भरून घेणं. २०२१ मध्ये पोषण ट्रॅकर नावाचं ॲप आलं. हातातला सरकारी मोबाइल जुना, ॲप इंग्रजीत, नोंद भरता भरता फोन बंद पडायचा. त्या वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रातल्या सेविकांनी ते मोबाइल प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. नोंद करायची नाही असं त्यांचं म्हणणं नव्हतं. चालणारा फोन आणि मराठीतलं ॲप द्या, एवढंच होतं. स्वयंसेवेत असलं काही मागण्याची वेळ येत नाही. ज्या कामाला कार्यालय, वरिष्ठ, अहवाल आणि कारणे दाखवा नोटीस असते, ते काम नोकरीचंच असतं.

२०१८ साली केंद्राने सेविकेच्या मानधनाची आपण ठरवलेली मूळ रक्कम ३,००० वरून ४,५०० रुपयांवर नेली, मदतनिसाची १,५०० वरून २,२५० वर. महिन्याचे. पुढची कित्येक वर्षं केंद्राचा हा आकडा तसाच राहिला. राज्य आपल्या तिजोरीतून भर घालतं, आणि ती वाढावी म्हणून महाराष्ट्रातल्या सेविकांना २०१७ मध्ये संप करावा लागला, मग पुन्हा ४ डिसेंबर २०२३ पासून पन्नासहून अधिक दिवस. थंडीत आझाद मैदानावर बसलेल्या त्या बायकांमध्ये पन्नाशी उलटलेल्या कितीतरी होत्या. तीस-तीस वर्षं गावातली मुलं वजनकाट्यावर चढवून-उतरवून त्यांच्या कमरा गेलेल्या, आणि निवृत्तीनंतर पेन्शन नाही.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त टोचते ती दिवाळी. राज्य सरकार सेविकांना आणि मदतनिसांना दिवाळीला जी रक्कम देतं, तिचं अधिकृत नाव 'भाऊबीज भेट' आहे. अलीकडच्या वर्षांत ती दोन हजार रुपये होती. कारखान्यातल्या कामगाराला दिवाळीला मिळतो तो बोनस, कारण त्याच्या कष्टातून आलेल्या मिळकतीत त्याचा वाटा आहे असं कायदा मानतो. सेविकेला मिळते ती ओवाळणी. ओवाळणीत किती घातलं हे बहिणीने विचारायचं नसतं, आणि उशीर झाला तर भावाला जाब विचारायचा नसतो. रक्कम लहान आहे याचं दुःख मला कमी आहे. हक्काला नात्याचं नाव दिलं की हक्क मागणारी बाई नातं तोडणारी ठरते, याचं दुःख जास्त आहे. आमच्या काकूंच्या बाबतीत नेमकं हेच झालं होतं.

आणि हे नातं एका बाजूनेच पाळायचं असतं. मार्च २०१८ मध्ये राज्याने अंगणवाडी सेविकांना 'मेस्मा', म्हणजे अत्यावश्यक सेवा कायद्याखाली आणलं. संप केला तर कारवाई. विधिमंडळात गदारोळ झाला आणि काही दिवसांतच त्या निर्णयाला स्थगिती द्यावी लागली. पण त्या काही दिवसांनी सगळं उघड केलं. पगार मागताना ती मानसेवी स्वयंसेविका आणि काम थांबवताना ती अत्यावश्यक कर्मचारी, हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकत नाही. ती अत्यावश्यक आहे हे मला मान्य आहे. मग तिला तसं वागवा.

न्यायालयांनी इथे थोडं थोडं करून रान मोकळं केलंय. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविकेचं पद हे शासकीय पद नाही असं म्हटलं होतं. २५ एप्रिल २०२२ रोजी गुजरातमधल्या सेविका-मदतनिसांच्या खटल्यात न्या. अजय रस्तोगी आणि न्या. अभय ओक यांच्या खंडपीठाने त्यांना १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा लागू होतो असा निकाल दिला. त्याही आधी, २०१३ च्या भारतीय श्रम परिषदेत योजनांमधल्या या बायकांना कामगार म्हणून मान्यता द्यावी अशी शिफारस झाली होती, आणि त्या परिषदेत सरकार, मालक आणि कामगार संघटना तिघंही बसतात. बारा वर्षं उलटून गेली. शिफारस कागदावरच आहे.

आता पलीकडची बाजू. ती मी टाळणार नाही, कारण ती मांडणारी माणसं माझ्या आदराची आहेत. ते म्हणतात, पगार सुरू झाला की आपुलकी संपते. गावातली बाई सरकारी नोकर झाली की ती गावाची राहत नाही, वरच्या साहेबाची होते. आणि याला ते जामखेडच्या आरोग्य प्रकल्पाचा दाखला देतात. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले, आणि गावागावांतल्या, बहुतेक निरक्षर, कित्येक दलित आणि परित्यक्ता बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. त्यांना पगार नव्हता. तरीही त्यांच्या गावांत बालमृत्यू उतरले, बाळंतपणं सुरक्षित झाली, विटाळ मोडला. जगभरातले डॉक्टर हे पाहायला जामखेडला येऊ लागले. मग पगाराशिवाय उत्तम काम होतं, हे सिद्ध झालं की नाही?

मला वाटतं जामखेड अगदी उलट गोष्ट सांगतं, फक्त आपण ती अर्धी ऐकतो. तिथल्या बाईकडून दिवसभर काम घेतलं जात नसे. ती आपलं शेत, मजुरी, घर सांभाळून दिवसातला थोडा वेळ देत असे. रजिस्टरांचा ढीग तिच्यावर नव्हता. ठरलेल्या दिवशी त्या सगळ्या जामखेडला एकत्र राहायच्या, शिकायच्या, एकमेकींची गाऱ्हाणी ऐकायच्या. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे शेळ्या, कोंबड्या, छोटा धंदा यांसाठी कर्ज मिळवून देऊन तिच्या पोटापाण्याची सोय प्रकल्पाने पाहिली. तिला मोबदला मिळत होता, तो फक्त पगाराच्या पाकिटात येत नव्हता. एवढं सगळं देऊन सेवा मागितली गेली. आपण बाकी सगळं गाळून फक्त 'पगार नव्हता' एवढंच उचलायचं, हा प्रामाणिक हिशोब नाही.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गावातल्या बायकांना नवजात बाळाची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. बाळाचे श्वास मोजणं, वजन करणं, त्याला ऊब देणं, न्यूमोनिया आणि जंतुसंसर्ग ओळखून उपचार सुरू करणं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष छापून आले तेव्हा नवजात बालकांचा मृत्युदर ६२ टक्क्यांनी उतरलेला होता. त्या बायकांना कामाप्रमाणे मोबदला मिळत होता. पैसे घेतले म्हणून त्यांनी मध्यरात्री दार ठोठावणाऱ्याला परत पाठवलं नाही.

हीच पद्धत २०११ पासून देशभरातल्या आशांकडे, म्हणजे सरकारी योजनेतल्या गावोगावच्या आरोग्य कार्यकर्त्यांकडे आली. जन्मानंतर बेचाळीस दिवसांत बाळाच्या घरी सहा भेटी. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. बाळंतपण घरी झालं असेल तर पहिल्या दिवसाची सातवी भेट. या सगळ्यासाठी मिळून आशाला २५० रुपये ठरले. म्हणजे एका भेटीचे चाळीस-बेचाळीस रुपये, चप्पल तिची, रिक्षाभाडंही बहुतेक वेळा तिचंच. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाखांहून अधिक आशांचा सन्मान केला. देशाला अभिमान वाटला, मलाही वाटला. 'आशा' हे 'ॲक्रेडिटेड सोशल हेल्थ ॲक्टिव्हिस्ट' या इंग्रजी नावाचं लघुरूप, आणि त्यातलं शेवटचं अक्षर कार्यकर्तीचं आहे, कर्मचाऱ्याचं नाही. त्यामुळे सन्मान झाला आणि वेतनाचा प्रश्न जिथे होता तिथेच राहिला.

आपुलकी पगाराने मरते असं आपण प्राथमिक शिक्षकाबद्दल म्हणत नाही. जिल्हा रुग्णालयातल्या डॉक्टरबद्दल म्हणत नाही. तलाठ्याला कुणी मानधनावर नेमत नाही. ज्या कामांत बाळ, भूक, आजारपण आणि बाळंतपण येतं, म्हणजे जी कामं घरात बायका फुकट करतात, तिथेच हा मुद्दा निघतो. २०२४ च्या वेळवापर सर्वेक्षणात दिसलं की घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो आणि पुरुषांचा ८८ मिनिटं. सरकारने बाईला घराबाहेर काम दिलं, पण दर घरातलाच लावला.

आपल्याकडच्या जुन्या बायकांची समज याहून कितीतरी स्वच्छ होती. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन सुरू झालं. नावातच सेवा आहे. पण त्या सेवासदनाने काय केलं? विधवा आणि निराधार बायकांना शिक्षिका केलं, परिचारिका केलं. पुण्यातल्या ससून रुग्णालयात प्रशिक्षणासाठी ब्राह्मण घरातल्या विधवा पाठवणं हे त्या काळात काय असेल, याची कल्पना करा. समाजातल्या सुस्थितीतल्या बायकांनी आपला वेळ आणि पैसा दिला, तो दुसऱ्या बायकांना पगारी काम मिळावं म्हणून. देणारी सेवा करायची आणि घेणारी कमावती व्हायची. आणीबाणीच्या वर्षी, १९७५ मध्ये, प्रेमाताई पुरव यांनी मुंबईत अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं तेव्हाही हेच केलं. गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या, सावकाराच्या कर्जात बुडालेल्या बायकांना त्यांनी राष्ट्रीयीकृत बँकेच्या दारापर्यंत नेलं. त्या बायका कामगारांच्या आई-बहिणी म्हणून जेवण वाढत नव्हत्या, धंदा करत होत्या, आणि धंद्याला भांडवल लागतं हे मंडळाला ठाऊक होतं.

कष्टकरी बाईच्या मुलाला सांभाळणं हे मजुरी देण्याजोगं काम आहे, हे आपल्या कायद्यानेही एकदा लिहून ठेवलं. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात तरतूद केली गेली की कामावर आलेल्या बायकांची सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील, तर त्यातल्याच एका बाईला मुलं सांभाळायला नेमायचं आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यायची. माती उचलणारी आणि पोरं उचलणारी, दोघींची हजेरी एकाच मस्टरवर. किती साधं आणि किती न्यायाचं! प्रत्यक्षात कितीशा कामांवर असा पाळणा बांधला गेला, हा वेगळा प्रश्न आहे. मी पाहिलेल्या दुष्काळी कामांवर एकदाही नाही. पण तत्त्व लिहिलेलं आहे, आणि ते अंगणवाडीला लागू का होऊ नये याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही.

गरम आहार शिजवणाऱ्या बचत गटांबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. ७ ऑक्टोबर २००४ रोजी अन्नाच्या अधिकाराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की अंगणवाड्यांतल्या आहारासाठी ठेकेदार नकोत. धान्य खरेदी आणि स्वयंपाक शक्यतो गावातले लोक, बचत गट आणि महिला मंडळं यांच्याकडून करून घ्या. महिला मंडळं हा शब्द त्या आदेशात आहे. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला आमच्या पडवीतल्या मंडळासारख्या बायकांवर ठेकेदारापेक्षा जास्त विश्वास वाटला. आणि मग काय झालं? महाराष्ट्रात घरी न्यायच्या शिध्याच्या निविदा अशा अटींच्या निघाल्या की गावातला गट त्या भरूच शकणार नाही. शेवटी बचत गटच न्यायालयात गेले, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहा हजार कोटींहून अधिक रकमेचे ते ठेके रद्द करून नव्याने निविदा काढायला सांगितलं. बायकांचं नाव पुढे आणि कारखाना मागे, असा प्रकार आपल्या राज्यात झालेला आहे, तो कुणी नाकारू नये.

ज्या गटांकडे खरंच काम आहे, त्यांची कथा मी जवळून पाहिली आहे. एका मुलामागे दिवसाला आठ रुपये, हा दर २०१७ चा. त्यात तेल, डाळ, गूळ, भाजी, सरपण आणि शिजवणारीचे कष्ट, आणि ताटात ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं. हे आठ रुपयेही वेळेवर येत नाहीत. एका तालुक्यातल्या गटाचं बिल सात महिने अडकलं होतं. किराणा दुकानदार आधी हसून उधार द्यायचा, मग मान हलवून, मग त्याने वही मिटली. त्या बायकांनी आपसातली बचत मोडून, एकीने गळ्यातली डोरली गहाण ठेवून डाळ आणली, पण चुलीवरचं पातेलं उतरू दिलं नाही. हे ऐकून सभेत टाळ्या वाजल्या. मला रडू आलं आणि राग आला. कुठल्याही ठेकेदाराने सात महिने बिनपैशाने एक पोतं हलवलं नसतं, आणि त्याला कुणी स्वार्थी म्हटलं नसतं. बायका चूल विझू देणार नाहीत हे खात्याला माहीत असतं, म्हणूनच बिल अडकतं. त्यांची माया हीच आपल्या दिरंगाईची तारण झाली आहे.

मग बायकांनी स्वयंसेवा करूच नये का? मंडळं मोडून टाकायची का? मुळीच नाही. पडवीतल्या त्या मंगळवारांनी माझ्या आईला जे दिलं ते तिला दुसरीकडे मिळालं नसतं. आठवड्यातून दोनदा ती कुणाची सून नव्हती. गावातल्या कुठल्या घरात दारूमुळे चूल पेटत नाही, कुठल्या मुलीचं तेराव्या वर्षी लग्न ठरतंय, हे मंडळाला सगळ्यांच्या आधी कळायचं, आणि आठ बायका एकत्र दाराशी उभ्या राहिल्या की त्या लग्नाची बोलणी थांबायची. हे काम कुठल्याही पगारी माणसाकडून होत नाही; बदली, वरिष्ठ, नियम सगळं आड येतं. सेवा करणाऱ्याची खरी ताकद हीच की तिला कुणी नेमलेलं नसतं, म्हणून कुणी काढू शकत नाही. ती नाही म्हणू शकते, भांडू शकते, वार बदलून मागू शकते. ज्या क्षणी तिचं 'नाही' चालेनासं होतं त्या क्षणी मंडळाने थांबून विचारायला हवं, की हे काम आता कुणाच्या पगाराचं आहे, आणि तो पगार कुणी द्यायचा.

म्हणून माझं मंडळातल्या बायकांना, विशेषतः ज्यांच्या घरी दोन वेळचं नीट आहे अशा शहरातल्या आणि तालुक्याच्या गावातल्या बायकांना, आग्रहाचं सांगणं आहे. अंगणवाडीच्या ताईला साडी-चोळी देऊन सत्कार करण्यापेक्षा तिच्या बाजूने ग्रामसभेत उभ्या राहा. गावाची आरोग्य, स्वच्छता आणि पोषण समिती असते, तिच्या खात्यात निधी येतो; तो कशावर खर्च झाला ते विचारा. गटाचं बिल किती महिन्यांचं थकलं आहे ते लिहून काढा, पाच जणी मिळून बालविकास प्रकल्प कार्यालयात जा. सेविका हे विचारायला गेली तर तिला नोटीस येते, तुम्हाला कुणी नोटीस देऊ शकत नाही. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून घरोघर पडून राहणाऱ्या प्लॅस्टिकच्या डब्या वाटतो, त्याच पैशांत अंगणवाडीला नीट चालणारा वजनकाटा येतो. आणि तुमच्या घरी भांडी घासायला येणारी तिचं मूल कुठे ठेवून येते, हेही एकदा विचारा. सोसायटीतली एक रिकामी खोली आणि एक पगारी सांभाळणारी, एवढ्याने पंधरा-वीस घरांचा प्रश्न सुटतो. वर्गणी काढायला मंडळ लागतंच.

आमच्या गावात आता नवं मंडळ आहे. आईच्या मैत्रिणींच्या सुना त्यात आहेत, दोघी-तिघी लेकीही. विठ्ठल मंदिराची पडवी पाडून तिथे सभामंडप झालाय. अंगणवाडी शाळेच्या आवारात भरते. गेल्या वर्षी या मुलींनी एक गोष्ट ठरवली, आणि ती मला फोनवर सांगताना आई किती वेळ बोलत होती! तिथली मदतनीस ताई वर्षानुवर्षं एक दिवसही रजा घेत नव्हती, कारण ती नसली की खिचडी कोण लावणार. आता महिन्यातल्या दुसऱ्या आणि चौथ्या बुधवारी मंडळातल्या दोघी जाऊन स्वयंपाक करतात, आणि त्या दिवशी ताई घरी राहते. तिचं मानधन कापायचं नाही, हे मुलींनी आधीच पर्यवेक्षिकेकडून कबूल करून घेतलं. पहिल्या बुधवारी ताईला चैन पडेना, ती दहा वाजता अंगणवाडीच्या दाराशी येऊन उभी राहिली. मुलींनी तिला आत येऊ दिलं नाही. दुसऱ्या वेळी ती माहेरी गेली.